बॉस्टनच्या बेक्ड बीन्स: सात तास शिजूनही दाणा अख्खा कसा राहतो?

रात्रभर भिजवलेला राजमा सकाळी कुकरच्या पाच-सहा शिट्ट्यांत मऊ होतो. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, बॉस्टन आणि आसपासच्या न्यू इंग्लंड भागात, त्याच जातीचा पण आकाराने लहान असा पांढरा दाणा सहा ते आठ तास मंद ओव्हनमध्ये ठेवतात. कुकर त्यांनाही माहीत आहे. तरी सुट्टीच्या दिवशी सकाळी भांडं ओव्हनमध्ये सरकवायचं आणि संध्याकाळी बाहेर काढायचं, ही पद्धत तिथल्या अनेक घरांनी सोडलेली नाही. त्यांनी ती का धरून ठेवली असावी, हा एक प्रश्न. त्याहून मोठं कोडं असं की इतका वेळ शिजून त्या दाण्यांचा लगदा व्हायला हवा. तो होत नाही. दाणा बोटांत दाबला तर लोण्यासारखा चेपतो, पण भांड्यात अख्खाच्या अख्खा असतो.

हे कोडं सोडवण्याची आज आणखी एक निकड आहे. विजेवर चालणारे स्लो कुकर आता भारतातही मिळू लागलेत. ‘सगळं एकत्र टाका, झाकण लावा आणि विसरून जा’ हा सल्ला मांसाच्या रश्श्याला ठीक आहे, पण राजम्याच्या जातीच्या कडधान्याला तो धोकादायक ठरू शकतो. हळू शिजवणं म्हणजे नेमकं काय, ते कुठे चालतं आणि कुठे अजिबात चालत नाही, हे कळलं की पदार्थही साधतो आणि पोटही सांभाळलं जातं.

आधी दाण्याची ओळख

बॉस्टनच्या बेक्ड बीन्ससाठी नेहमी वापरतात तो ‘नेव्ही बीन’. पांढरा, वाटाण्यापेक्षा जरासा मोठा, अंडाकृती. अमेरिकी नौदलाच्या शिध्यात तो कायम असायचा, त्यावरून हे नाव पडलं. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात हा दाणा, आपला राजमा आणि साताऱ्याच्या कोरेगाव भागातला भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा ही तिन्ही एकाच जातीची, म्हणजे फेजिओलस व्हल्गॅरिसची, वाणं आहेत. चवळी, पावटा आणि वाल मात्र वेगळ्या जातींचे. पुढे दाण्याबद्दल जे लिहिलं आहे ते राजमा-घेवड्याला तसंच्या तसं लागू पडतं.

हा दाणा मूळचा अमेरिका खंडांतला. मेक्सिको-मध्य अमेरिका आणि अँडीज पर्वताचा पट्टा अशा दोन ठिकाणी तो स्वतंत्रपणे माणसाने शेतात आणला. युरोपातून वसाहतवाले न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा तिथले मूळ रहिवासी मका, भोपळा आणि बीन्स ही तीन पिकं एकाच शेतात घेत होते. जवळच्या मेन राज्यात आजही जमिनीत खड्डा खणतात, त्यात लाकडाचे निखारे करतात, बीन्सचं लोखंडी भांडं त्यात पुरतात आणि रात्रभर वर माती लोटून ठेवतात. पेनोबस्कॉट या मूळ रहिवासी समाजात ही पद्धत होती. पुढे जंगलतोड करणाऱ्या मजुरांच्या तळांवरचं ते रोजचं जेवण झालं.

बॉस्टनच्या भांड्यात आणखी चार गोष्टी असतात: कांदा, मोहरीची पूड, खारवलेलं चरबीदार डुकराचं मांस आणि मोलॅसिस. उसाच्या रसातून साखरेचे खडे काढून घेतल्यावर उरणारा काळसर, दाट, किंचित कडवट पाक म्हणजे मोलॅसिस. टोमॅटो यात नसतो. टोमॅटोच्या लाल रसातल्या, डब्यात मिळणाऱ्या बीन्स हा ब्रिटनमध्ये रुजलेला निराळा पदार्थ आहे.

दाणा मऊ होतो तेव्हा आत काय होतं?

कच्च्या दाण्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर विटांची भिंत दिसावी तशा पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतात. प्रत्येक विटेच्या पोटात पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे, कण असतात. दोन विटांमधला चुना म्हणजे पेक्टिन. पेरूच्या जेलीला घट्ट करतं ते हेच पेक्टिन.

शिजताना दोन कामं एकाच वेळी चालू असतात. विटेच्या आतलं पिष्ट गरम पाणी पिऊन फुगतं, त्यामुळे दाणा पिठूळ आणि खाण्याजोगा होतो. दुसरीकडे विटांमधला चुना हळूहळू विरघळतो. चुना पुरेसा सुटला की विटा एकमेकींपासून सरकू लागतात, आणि दाताखाली आपल्याला ‘मऊ’ लागतं. चुना पूर्ण सुटला की भिंत ढासळते, आणि त्यालाच आपण लगदा म्हणतो.

म्हणजे सगळा खेळ त्या चुन्याचा आहे, आणि त्याच्यावर तीन गोष्टींची सत्ता चालते. कॅल्शियमचे कण पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींत जखडतात, चुना पक्का होतो. आंबट वातावरणात पेक्टिन सावकाश विरघळतं. उलट सोडा घातलेल्या अल्कधर्मी पाण्यात ते भराभर सुटतं. आपल्या स्वयंपाकघरात हे ज्ञान शास्त्राचं नाव न घेता पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. आमटीत चिंच-गूळ किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच घालायचं, आधी घातलं तर डाळ गळत नाही, हे कुणालाही विचारा. बोअरच्या जड पाण्यात डाळ तासभर उकळूनही टचटचीत राहते, कारण त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं.

मोलॅसिसची खरी कामगिरी

आता मोलॅसिसकडे बघा. साखर कारखान्यात रस आटवून साखरेचे खडे वेगळे केले की रसातली खनिजं मागे उरलेल्या पाकात साठत जातात. म्हणून 100 ग्रॅम मोलॅसिसमध्ये सुमारे 200 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. शिवाय मोलॅसिस किंचित आम्लधर्मी असतं. आणि त्यातली साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे पिष्टाचं फुगणंही मंदावतं. दाणा मऊ होऊ न देणाऱ्या तिन्ही गोष्टी एकाच बाटलीत!

गोडव्यासाठी आणि रंगासाठी घातलेलं मोलॅसिस त्या सात तासांत दाण्याच्या भिंती टेकू देऊन उभ्या ठेवतं. साध्या पाण्यात इतका वेळ ठेवलेल्या बीन्सची पेज होईल, पण मोलॅसिसच्या रसात त्या अख्ख्या राहतात. इतक्या साध्या शिध्यातून असा बारीक तोल साधला गेला, आणि तोही कॅल्शियम-पेक्टिन हे शब्द कुणाला ठाऊक नसताना, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण यातून एक अट आपोआप येते. मोलॅसिस कच्च्या दाण्यावर घातलं तर तो कच्च्या अवस्थेतच जखडला जाईल आणि रात्रीपर्यंत वाट पाहूनही मऊ होणार नाही. म्हणून बीन्स आधी साध्या पाण्यात जवळजवळ शिजवून घ्यायच्या. ‘जवळजवळ’ म्हणजे किती, याची बॉस्टनच्या जुन्या गृहिणींची एक सुरेख परीक्षा आहे. चमच्यावर दोन-चार दाणे घ्यायचे आणि त्यांच्यावर फुंकर मारायची. साल तडकून सुटली की उकळणं थांबवायचं, मोलॅसिस घालायचं, आणि भांडं ओव्हनमध्ये.

मग सात तास कशाला? एक तास पुरे नाही का?

मऊपणाच्या दृष्टीने तासाभरात काम झालेलं असतं, हे खरं. पुढचे तास चवीसाठी असतात.

ओव्हन 130 अंश सेल्सियसवर असला तरी भांड्यातला रस 100 अंशांच्या वर जात नाही, कारण पाणी असेपर्यंत तापमान तिथेच अडकतं. जास्तीची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. या तापमानाला रस घुसळला जात नाही, फक्त एखाद-दुसरा बुडबुडा वर येतो. दाणे एकमेकांवर आपटत नाहीत, साली फाटत नाहीत. उष्णता खालून, वरून, बाजूंनी सारखी येते, त्यामुळे तळाशी पाक लागत नाही आणि ढवळावंही लागत नाही. शेगडीवर हाच पदार्थ करताना दर दहा मिनिटांनी खाली खरवडत राहावं लागतं, आणि प्रत्येक ढवळण्यात काही दाणे फुटतात.

त्या वेळात गोडसर रस सालीतून हळूहळू दाण्याच्या गाभ्यापर्यंत झिरपतो. मांसाच्या कातडीतलं कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन विरघळून रसाला तुळतुळीत दाटपणा येतो. दाण्यातून थोडं पिष्ट बाहेर येतं, त्यानेही रस घट्ट होतो. आणि प्रथिनांचे घटक व साखर यांची एकमेकांशी प्रक्रिया होऊन तांबूस रंग आणि खमंग वास तयार होतो. हिला मेयार प्रक्रिया म्हणतात. भाकरीवर डाग पडतात, कांदा परतताना लाल होतो, ते हिच्यामुळेच. तव्यावर ती दीडशे अंशांच्या आसपास काही मिनिटांत घडते. 100 अंशांच्या आत ती फार सावकाश चालते, पण थांबत नाही, आणि तिला लागणारे तास आपण इथे देतो. शेवटच्या तासात झाकण काढलं की वरचा थर पाण्याबाहेर येतो, तापतो, आणि तिथे रंग झपाट्याने गडद होतो. कुकर मऊपणा नक्की देतो. ही चव तो देत नाही.

शनिवारच्या संध्याकाळचा पदार्थ

सतराव्या शतकात न्यू इंग्लंडमध्ये वसलेले प्युरिटन पंथाचे ख्रिस्ती लोक विश्रांतीचा धार्मिक दिवस शनिवारच्या सूर्यास्तापासून रविवारच्या सूर्यास्तापर्यंत पाळत. त्या काळात काम वर्ज्य, आणि स्वयंपाक हे काम. म्हणून शनिवारी दिवसा भांडं विटांच्या भट्टीत ठेवायचं, संध्याकाळी गरम-गरम खायचं, आणि उरलेलं भट्टीच्या उबेत ठेवून रविवारी सकाळी पुन्हा खायचं. भट्टीत आधी ब्रेड भाजून निघायचा आणि मग उतरत्या आचेवर बीन्स जायच्या, त्यामुळे वेगळं सरपण फारसं लागत नसे. पुढे शहरात घरोघरची भांडी गल्लीतला बेकरीवाला गोळा करी आणि शिजवून परत पोचवी. सोबत राय (गव्हासारखं एक धान्य), मका आणि गहू यांच्या पिठाचा, मोलॅसिस घातलेला, वाफवून केलेला तपकिरी ब्रेड असे.

अशी युक्ती त्यांनीच पहिल्यांदा काढली असं नाही. ज्यू समाजात शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, अग्नी पेटवणं वर्ज्य असल्याने शुक्रवारी सूर्यास्ताआधी भांडं मंद आचेवर ठेवायची परंपरा आहे. युरोपात त्या पदार्थाला चोलंट म्हणतात, मध्यपूर्वेत हामीन. शब्बाथचं हे पाळणं आपल्या कोकणालाही अनोळखी नाही. तिथले बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, तेल गाळण्याचा व्यवसाय करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत.

बॉस्टनच्या भांड्यातला गोडवा मात्र निष्पाप नव्हता, आणि हे सांगितल्याशिवाय या पदार्थाची गोष्ट पुरी होत नाही. मोलॅसिस कॅरिबियन बेटांवरून यायचं. तिथले उसाचे मळे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या श्रमावर चालत. न्यू इंग्लंडमधून खारवलेला स्वस्त मासा त्या मळ्यांवर जायचा, गुलामांना खायला घालण्यासाठी. परतीच्या जहाजात मोलॅसिस भरून यायचं. त्यातलं बरंचसं रम गाळायला जायचं, आणि त्यातली काही रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घेण्यासाठी वापरली जायची. हा व्यापार इतका मोठा होता की ब्रिटिश संसदेने 1733 मध्ये परक्या वसाहतींतून येणाऱ्या मोलॅसिसवर गॅलनमागे सहा पेन्स कर बसवला. 1764 मध्ये तो निम्मा केला, पण वसुली कडक केली, आणि अमेरिकी वसाहतींच्या असंतोषात त्याची भर पडली. मोलॅसिस स्वस्त आणि मुबलक होतं म्हणूनच ते गरिबाच्या भांड्यात पोचलं. त्या स्वस्ताईची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली होती.

बॉस्टनमध्ये मोलॅसिसचा साठा किती प्रचंड असे, याची एक भीषण आठवण म्हणजे 15 जानेवारी 1919. शहराच्या नॉर्थ एंड भागातली मोलॅसिसची पोलादी टाकी फुटली. सुमारे 87 लाख लिटर पाक लाटेसारखा रस्त्यांवर आला. 21 माणसं मेली, दीडशेच्या आसपास जखमी झाली. ते मोलॅसिस औद्योगिक अल्कोहोलसाठी साठवलेलं होतं. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांची मळी ज्या आसवन्यांमध्ये जाते, तोच हा उद्योग.

मग स्लो कुकरमध्ये सगळं एकदम टाकलं तर?

नको. हा भाग कृपया घाईत वाचू नका.

राजम्याच्या जातीच्या कच्च्या दाण्यात फायटोहिमअॅग्लुटिनिन नावाचं एक प्रथिन असतं. पुढे त्याला आपण लेक्टिन म्हणू. ते आतड्याच्या अस्तराला चिकटतं आणि एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब सुरू होतात. बहुतेक लोक काही तासांत सावरतात, पण ते काही तास फार वाईट जातात. लाल राजम्यात त्याचं प्रमाण सर्वाधिक असतं, आणि चार-पाच कच्चे दाणेही त्रास द्यायला पुरेसे ठरतात. पांढऱ्या राजम्यात ते लालच्या साधारण एक-तृतीयांश असतं. कमी आहे म्हणून दुर्लक्ष करावं इतकं ते कमी नाही.

खळखळत्या उकळीत हे लेक्टिन नष्ट होतं. ब्रिटनमधला नेहमीचा सल्ला किमान दहा मिनिटं उकळण्याचा आहे, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची शिफारस अर्ध्या तासाची. मी अर्धा तासच धरायला सांगेन. अडचण अशी की स्लो कुकरमधलं तापमान कधीकधी 75-80 अंशांच्या पुढे जातच नाही, किंवा तिथपर्यंत पोचायला तासन्‌तास घेतं. अशा अर्धवट तापवलेल्या दाण्यांतलं लेक्टिन नष्ट तर होत नाहीच, उलट ते कच्च्या दाण्यापेक्षा कित्येक पट घातक होऊ शकतं. मऊ झालेला दाणा सुरक्षित आहे, असं डोळे आणि दात दोघंही सांगतात, आणि दोघंही चुकीचं सांगतात.

तेव्हा क्रम पक्का ठेवा. भिजवणं, पाणी फेकून देणं, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळणं, आणि त्यानंतरच मंद आच. कुकरमध्ये राजमा शिजवणाऱ्यांना ही भीती नाही, कारण दाबाखाली तापमान 120 अंशांच्या आसपास जातं. बॉस्टनच्या पद्धतीतही उकळण्याची पायरी पहिल्यापासून आहे. हळू शिजवायचं म्हणजे पहिल्या मिनिटापासून हळू, असा अर्थ तिथे कधीच नव्हता.

मीठ आधी घातलं तर दाणे शिजत नाहीत ना?

आंबटाबद्दलची समजूत खरी, मिठाबद्दलची मात्र उलटी आहे. भिजवण्याच्या पाण्यात मीठ घातलं तर त्यातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं. चुना सैल पडतो, साल नरम होते, आणि दाणा फुगताना ती फाटत नाही, त्याच्याबरोबर ताणली जाते. लिटरमागे 15 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक टेबलचमचा, मीठ पुरतं. सकाळी ते पाणी फेकून दाणे धुवून घ्या.

खाण्याचा सोडा? चिमूटभर सोड्याने जड पाण्यातही दाणे शिजतात, पण जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि सालीचा चिखल होतो. पाणी फारच जड असेल तर मी सोड्याऐवजी पिण्याचं शुद्ध केलेलं पाणी वापरेन.

एवढं सगळं करूनही दाणे दगडासारखे राहिले तर ते जुने आहेत, असं समजा. दमट आणि गरम जागी महिनोन्‌महिने पडलेल्या कडधान्यात फायटेट नावाच्या साठवणीच्या संयुगाचं विघटन होतं, त्याने धरून ठेवलेलं कॅल्शियम मोकळं होतं, आणि तेच जाऊन पेक्टिनला जखडतं. अशा दाण्यावर कितीही तास घालवा, फरक पडणार नाही. पावसाळा घालवलेल्या बरणीतला माल या पदार्थाला घेऊ नका.

पोटात गुबारा धरतो, त्याचं काय?

या दाण्यांत रॅफिनोज आणि स्टॅकियोज नावाच्या शर्करा असतात. त्या तोडणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसतं. मग त्या न पचता मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू सोडतात. भिजवलेलं आणि पहिल्या उकळीचं पाणी फेकलं की यातला काही भाग निघून जातो. ‘पाण्याबरोबर सत्त्व जातं’ ही तक्रार अंशतः बरोबर आहे, काही जीवनसत्त्वं जातात, पण दाण्यातली प्रथिनं आणि चोथा जागेवरच राहतात. सवय नसेल तर पहिल्यांदा छोटी वाटीच घ्या.

डुकराचं मांस खात नसू तर?

तर ते घालू नका, पदार्थ तरीही उत्तम होतो. मांस इथे तीन गोष्टी देतं: मीठ, चरबी आणि कोलॅजनचा दाटपणा. मीठ वेगळं घाला. चरबीसाठी तीन-चार टेबलचमचे लोणी किंवा शेंगदाण्याचं तेल घ्या आणि कांदा त्यात आधी चांगला लाल परता. दाटपणासाठी शेवटी पळीभर दाणे चेचून रसात मिसळा. धुरकट वास हवा असेल तर स्मोक्ड पॅप्रिका चमचाभर. मला स्वतःला लाल परतलेल्या कांद्याची शाकाहारी आवृत्ती जास्त आवडते, कारण तिच्यात दाण्याची चव पुढे येते.

मोलॅसिस भारतात मोठ्या शहरांतल्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतं. कारखान्याची मळी मात्र खाण्यासाठी नसते, ती कुणी आणून दिली तरी भांड्यात घालू नका. गुऱ्हाळावरची काकवी वापरता येते. तिच्यातून साखर काढलेली नसते, म्हणून ती जास्त गोड आणि कमी कडू. प्रमाण थोडं कमी करा, रंग फिका येईल हे धरून चाला, आणि दाणे चौथ्या तासापासून मधूनमधून बघत जा.

गोडाचं पथ्य असणाऱ्यांसाठी हिशेब: खालच्या प्रमाणात आठ माणसांचं होतं आणि प्रत्येकाच्या वाट्याला मोलॅसिसमधून साधारण 15 ग्रॅम साखर येते. मोलॅसिस निम्मं केलंत तर चालेल, पण टेकूही निम्मा होईल, तेव्हा वेळ कमी करा.

सुट्टीच्या दिवसाचं वेळापत्रक

शुक्रवारी रात्री अर्धा किलो नेव्ही बीन्स किंवा छोटा पांढरा राजमा निवडून दोन लिटर पाण्यात 30 ग्रॅम मीठ घालून भिजवा.

शनिवारी सकाळी आठला पाणी फेका, दाणे धुवा, ताजं पाणी घेऊन अर्धा तास खळखळून उकळा. मग आच कमी करून फुंकरीची परीक्षा पास होईपर्यंत ठेवा. दाण्याच्या वयाप्रमाणे याला आणखी दहा मिनिटं लागतील किंवा चाळीस. पाणी ओता, आणि चार-पाच कप पाणी वेगळं उकळत ठेवा.

जाड बुडाचं, झाकणाचं, ओव्हनमध्ये चालणारं भांडं घ्या. बॉस्टनचं खास भांडं मातीचं, पोट मोठं आणि तोंड लहान असतं, म्हणजे वाफ कमी उडते. बिडाचं झाकणवालं भांडंही चालतं. तळाशी एक मोठा कांदा, दीडशे ग्रॅम खारवलेलं मांस किंवा वर सांगितलेला पर्याय, त्यावर दाणे. अर्धा कप मोलॅसिस, दोन चहाचे चमचे मोहरीची पूड आणि मिरपूड गरम पाण्यात कालवून ओता. मोहरीचा तिखटपणा शिजताना उडून जातो, मागे राहतो तो वास. दाणे जेमतेम बुडतील इतकंच पाणी. मांस घातलं असेल तर मीठ आत्ता नको, शेवटी चव घेऊन घाला.

झाकण लावून 130 अंशांवर ठेवा, साडेनऊ-दहाच्या सुमाराला. यानंतर तुमचं काम दर तासाला झाकण उघडून बघण्याइतकंच. वरचे दाणे उघडे पडले असतील तर उकळतं पाणी घाला. गारठलेलं पाणी घातलं की भांडं पुन्हा तापायला बराच वेळ जातो. ढवळू नका. दुपारची झोप, वाचन, पाहुणे, काहीही होऊ द्या, भांड्याला तुमची गरज नाही. चारच्या सुमारास झाकण काढा, आणि पाऊण ते एक तास वरचा थर तांबूस होऊ द्या. बाहेर काढल्यावर रस थोडा पातळ वाटला तरी चालेल, वीस मिनिटं तसंच ठेवलं की तो आपोआप आळतो.

इतकी वीज जाळायची, ती डबा दहा मिनिटांत उघडत असताना?

डब्यातल्या बीन्सना माझा विरोध नाही. घाईच्या दिवशी त्या खरंच उपयोगी पडतात. पण बहुतेक ब्रँडच्या बीन्स ‘बेक्ड’ म्हणवल्या तरी ओव्हन न पाहता, डब्यातच वाफेवर शिजलेल्या असतात, आणि वर वर्णन केलेली चव त्यांच्यात तयार व्हायला वावच नसतो. शिवाय त्यांच्यातलं मीठ आणि साखर तुमच्या हातात नसते.

विजेची शंका रास्त आहे. ओव्हनचा थर्मोस्टॅट कांडी सतत पेटती ठेवत नाही, तापमान उतरलं की पेटवतो आणि चढलं की बंद करतो, त्यामुळे मंद तापमानावरचे सात तास म्हणजे पूर्ण वॅटचे सात तास नव्हेत. तरीही एका भांड्यासाठी ओव्हन दिवसभर चालवणं मलाही पटत नाही. दुसऱ्या कप्प्यात रताळी भाजा, किंवा दाणे दुप्पट घ्या. स्लो कुकर असेल तर उकळून घेतलेले दाणे, मोलॅसिस आणि उकळता रस त्यात घालून आठ-नऊ तास ठेवता येतात. धोक्याचा भाग उकळीत संपलेला असतो. वरचा तांबूस थर मात्र तिथे येणार नाही, कारण झाकण काढूनही वर तेवढी उष्णता नसते. तो हवा असेल तर शेवटची वीस मिनिटं भांडं बदलून ओव्हनमध्ये द्या.

उरलेल्या बीन्स दोन तासांच्या आत उथळ डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस सहज टिकतात. गार झाल्या की पिष्टामुळे रस थिजल्यासारखा दिसेल, गरम करताना अर्धी वाटी पाणी घाला आणि एक वाफ येऊ द्या. दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या दिवसापेक्षा चांगल्या लागतात, कारण रात्रभरात रस आणखी आत गेलेला असतो. बॉस्टनमध्ये रविवारी सकाळी याच उरलेल्या बीन्स ब्रेडच्या दोन कापांमध्ये भरून खायची रीत होती. लोणी लावून भाजलेल्या पावातही त्या तितक्याच छान बसतात.